साडेसतरा सेकंदांचा कोट

आग विझवायला आत शिरणाऱ्या जवानाचा कोट आगीसमोर किती वेळ टिकतो, असं ओळखीच्या चारपाच जणांना विचारून पाहिलं. कुणी दहा मिनिटं म्हणालं, कुणी अर्धा तास. एकाने तर उलट मलाच विचारलं, ‘तो जळतच नाही ना?’

खरं उत्तर सेकंदांत आहे. अमेरिकेत हे कोट ज्या मानकाप्रमाणे शिवले जातात, त्यात कापडाच्या तिन्ही थरांनी मिळून उष्णतारोधाचे निदान 35 गुण मिळवावे लागतात. चाचणी साधी आहे. कापडाच्या तुकड्याला खालून चौरस मीटरमागे 84 किलोवॅट एवढी धग द्यायची, म्हणजे बंद खोली एका क्षणात सगळीच्या सगळी भडकते तेव्हा असते साधारण तेवढी, आणि पलीकडच्या बाजूला त्वचेवर फोड येण्याइतकी उष्णता पोचायला किती वेळ लागतो ते मोजायचं. 35 ला दोनने भागलं की सेकंद निघतात. साडेसतरा. तेही प्रयोगशाळेत, नव्या कोऱ्या कापडावर.

मला हा आकडा आवडतो, कारण तो फुशारकी मारत नाही. कोट जवानाला आगीत उभं राहू देत नाही. वळून दार गाठायला साडेसतरा सेकंद देतो, बस. पाठीवरचा हवेचा सिलेंडर काही मिनिटं देतो, दोर खिडकीतून उतरण्यापुरता वेळ देतो. अंगावर चढवलेलं सगळं सामान म्हणजे विकत घेतलेला वेळच. मग तो वेळ किती असावा, हे कोण ठरवतं? पैसे कोण मोजतं? आणि तो कमी पडला तर जाब कुणी द्यायचा?

व्यावसायिक अग्निशमन दलांच्या बाबतीत जगात बहुतेक ठिकाणी या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच दाराशी येऊन थांबतात. नियम करतं सरकार. दल चालवते सरकारचीच एखादी शाखा, नगरपालिका किंवा प्रांत. आणि चौकशी नेमतंही सरकारच. दुसऱ्या कुठल्या धोकादायक धंद्यात मालकाला एवढी सोय मिळत असेल असं वाटत नाही. खाणमालकाने खाणीच्या सुरक्षेचे नियम स्वतःच लिहिले, स्वतःच तपासले, तर आपण ओरड करू. अग्निशमन दलाच्या बाबतीत ते आपल्याला खटकतही नाही.

अमेरिकेचंच उदाहरण घ्या. कामगारांच्या सुरक्षेचा तिथला केंद्रीय कायदा खाजगी मालकांना लागू आहे, राज्यांच्या आणि पालिकांच्या नोकरांना तो थेट लागू होत नाही. ज्या राज्यांनी केंद्राच्या मान्यतेने स्वतःची योजना आणली, तिथे सरकारी जवानाला संरक्षण आहे. जवळपास निम्म्या राज्यांत नाही. म्हणजे अशा राज्यात रसायनाच्या कारखान्याची स्वतःची फायर ब्रिगेड असेल, तर तिच्या माणसाला मास्क, कोट, प्रशिक्षण देणं मालकावर केंद्रीय कायद्याने बंधनकारक. त्याच कारखान्याची आग हाताबाहेर गेल्यावर फाटकातून आत येणाऱ्या सरकारी बंबावरच्या माणसाला मात्र तो कायदा ओळखत नाही. दोघं एकाच धुरात उभे असतात.

युरोपात नियम बरे आहेत. युरोपीय संघाच्या 1989 च्या निर्देशाने, म्हणजे सदस्य देशांना बांधणाऱ्या आदेशाने, मालकाने संरक्षक साधनं फुकट द्यायची, ती चालू आणि स्वच्छ ठेवायची, असं सांगितलंय. पण कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेचा जो मूळ निर्देश आहे, त्यात सैन्य, पोलीस, नागरी संरक्षण अशा काही कामांसाठी पळवाट ठेवलेली होती. तिच्यावर बोट ठेवून वाद झाला आणि हॅम्बुर्गच्या अग्निशमन दलाचं प्रकरण युरोपियन न्यायालयात गेलं. वाद कामाच्या तासांचा होता, तरी न्यायालयाने जुलै 2005 मध्ये जे म्हटलं ते इथे कामाचं आहे: आगी विझवणं हे या दलाचं रोजचं काम, ते आधी आखता येतं, म्हणून निर्देश त्यांनाही लागू, सूट मिळेल ती खरोखरच्या महासंकटापुरती. ‘आमचं काम आणीबाणीचं, आम्हाला नियम कसे लावता?’ या युक्तिवादाला इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आग तुमच्या घरी आणीबाणी असते. फायर स्टेशनला ती आजची तिसरी वर्दी असते.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं: सरकार खाजगी मालकाला सुरक्षा साधनांचा जो नियम लावतं, तोच, तितक्याच सक्तीने, त्याने स्वतःच्या अग्निशमन दलाला लावावा, आणि तपासणी दलाच्या बाहेरच्या माणसाने करावी. ‘मार्गदर्शक तत्त्वं’ नावाचा जो गुळगुळीत प्रकार असतो, तो या कामात चालणार नाही.

का चालणार नाही, ते एका दोरावरून सांगतो.

23 जानेवारी 2005, न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, बाहेर हिमवादळ. चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आग लागली होती आणि काही जवान वरच्या, चौथ्या मजल्यावर शोध घेत होते. भाडेकरूंसाठी खोल्यांत बेकायदा पार्टिशनं घातलेली, त्यामुळे आपत्कालीन जिन्याकडची वाट बंद. खालून आग वर आली तेव्हा सहा जणांसमोर खिडकी तेवढी उरली. सहाही जण खिडकीतून बाहेर पडले. दोघं गेले, चौघं जबर जखमी झाले.

या दलाकडे जीव वाचवण्यासाठीचे वैयक्तिक दोर पूर्वी होते. 2000 च्या सुमारास नवे, जाड पोशाख आले तेव्हा ते देणं बंद झालं. त्या खिडक्यांपाशी अडकलेल्या सहांपैकी एकाकडे दोर होता, कारण तो त्याने स्वतःच्या पैशाने घेतला होता. त्या एका दोरावर दोघांनी उतरायचा प्रयत्न केला. दोघंही खाली आदळले, हाडांचा चुरा झाला, पण त्या दिवशी वाचले. त्याच वर्षी पुढे दलाने सगळ्यांना दोर, हुक आणि कमरेचा पट्टा दिला.

दोर बंद झाला तेव्हा कुणी तो दुष्टपणे बंद केला असेल असं मला वाटत नाही. असले निर्णय मिटिंगमध्ये होतात. वजन वाढतंय, खिशात मावत नाही, गेल्या कित्येक वर्षांत किती वेळा वापरला? सगळे प्रश्न रास्त वाटतात. तिथे एक गोष्ट नसते ती म्हणजे बाहेरचा कायदा, जो म्हणेल की हे काढायचं असेल तर त्याच्या जागी काय देता ते आधी लिहून द्या. शिफारस असली की ती मिटिंगमध्ये हरते.

(तारखेचा एक योगायोग. 23 जानेवारीलाच, पण 1958 साली, लंडनच्या स्मिथफिल्ड मांसबाजाराच्या तळघरात आग लागली होती. शीतगृहांचं भुयारी जाळं, दाट धूर, आणि आत गेलेल्या दोन जवानांचा श्वास संपला तेव्हा ते नेमके कुठे आहेत हे बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. त्यानंतर ब्रिटनमध्ये पद्धत रुळली: श्वसनयंत्र घालून आत जाणाऱ्याने आपला बिल्ला दाराशी द्यायचा, नाव, दाब, आत गेल्याची वेळ फळ्यावर लागते, आणि फळ्यापाशी एक माणूस घड्याळ बघत उभा राहतो. बिल्ल्याची किंमत ती काय! पण तो सक्तीचा व्हायला दोघांना जावं लागलं.)

तो फळ्यापाशी उभा असलेला माणूसही खरं तर साधन आहे, आणि इथे बहुतेक सरकारी याद्या फसतात. यादीत कोट, हेल्मेट, हातमोजे, बूट, हुड, बीए सेट (म्हणजे सिलेंडर आणि मास्कचं श्वसनयंत्र) असं सगळं येतं. माणसं येत नाहीत. हिशेब करून बघा. पाठीवरचा 6.8 लिटरचा सिलेंडर 300 बार दाबाने भरला की त्यात साधारण 2000 लिटर हवा मावते. मिनिटाला 40 लिटर धरले तर 50 मिनिटं, आणि कागदावर तसंच धरतात. पण पाण्याने भरलेली नळी जिन्यावरून ओढत नेणारा माणूस मिनिटाला 80 ते 100 लिटर हवा सहज ओढतो. मग उरली 20-25 मिनिटं. त्यात जायचं, शोधायचं, आणि परत यायचं. परतीची शिट्टी आधी हवा पाव भाग उरली की वाजत असे. अमेरिकन मानकाच्या 2013 च्या आवृत्तीत ती एक तृतीयांशावर आणली. बाहेरच्या माणसाला हा बदल किरकोळ वाटेल. धुरात हाताने भिंत चाचपत परत येणाऱ्याला तो दोनतीन मिनिटांचा वाटतो.

शिट्टी वाजली आणि वाट सापडेना, तर आत कुणीतरी घ्यायला यावं लागतं. म्हणून 1998 पासून अमेरिकेच्या श्वसनसुरक्षा नियमात ‘दोन आत, दोन बाहेर’ हे कलम आहे: आत शिरणारे किमान दोघं, एकमेकांच्या नजरेच्या किंवा हाकेच्या टप्प्यात, आणि बाहेर तयारीत किमान दोघं. कुणी अडकलं असेल तर चौघं जमेपर्यंत हात बांधून थांबा असं नियम म्हणत नाही, तशी मोकळीक त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. ज्या बंबावर ड्रायव्हर धरून तीनच माणसं पाठवली जातात, त्या बंबावरचे दोन लाखमोलाचे बीए सेट मला फारसा दिलासा देत नाहीत.

मास्कचंही तसंच. तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच मास्क, नाहीतर नुसती काच. दर वर्षी तो ज्याच्या त्याच्या चेहऱ्यावर तपासायचा, आणि जिथे रबराची कड टेकते तिथे दाढी चालणार नाही, हेही नियमात आहे. दाढीचा मुद्दा निघाला की भांडणं होतात, पण फटीतून शिरणारा धूर कुणाच्या श्रद्धेची वा फॅशनची चौकशी करत नाही. दुसरीकडे बाईच्या अंगावर पुरुषाच्या मापाचा कोट चढवून बाह्या दुमडायला सांगणं हेही नियमात बसता कामा नये. ढगळ हातमोज्यात नळीची चावी फिरत नाही.

आता आग विझल्यानंतरचं. माझ्या मते सरकारी नियम सर्वांत उघडे पडतात ते इथे.

आगीतून आलेला कोट जवळून पाहिला आहे का? बाही झटकली की काजळी उडते. कॉलरपाशी, बगलेत, मनगटाच्या पट्टीत तेलकट काळा थर बसलेला असतो, आणि वास असा की एकदा नाकात बसला की जेवतानाही जात नाही. पहिल्या धुण्याचं पाणी डांबरासारखं निघतं. आजच्या घरात जळतं ते फोम, प्लास्टिक, रंग, वायरींची वेष्टनं. हा सगळा माल धुरातून कोटावर, कोटावरून मानेवर, हातावर आणि गाडीच्या सीटवर येतो. त्वचा तापलेली, घामेजलेली, म्हणजे तो आत शिरायला रान मोकळं. कित्येक ठिकाणी याच काळ्या कोटाला मान असे. ज्याचं हेल्मेट काळं तो कसलेला, ज्याचं स्वच्छ तो नवशिका.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाच्या व्यवसायालाच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करतो असा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या गटात. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. फुफ्फुसाच्या आवरणाचा एक कर्करोग आणि मूत्राशयाचा कर्करोग, या दोन्हींबद्दल पुरावा पुरेसा ठरला. इतकं झाल्यावर ‘प्रत्येक जवानास एक संरक्षक पोशाख’ असं लिहिणारा नियम अर्धवट आहे. एक पोशाख म्हणजे तो धुवायला टाकला की माणूस उघडा, आणि माणूस उघडा नको म्हणून कोट धुवायचाच नाही. एकाला दोन संच असले तरच धुणं शक्य होतं. धुवायचं कुठे, हेही लिहावं लागतं, नाहीतर तो कोट घरी जातो आणि मुलांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये फिरतो. अमेरिकन मानकाच्या 2020 च्या आवृत्तीत वर्षाला निदान दोन वेळा सखोल धुलाई आणि बनवल्यापासून 10 वर्षांनी कोट बाद, असं आहे. पण मानक म्हणजे कायदा नव्हे. ते एक खाजगी संस्था बनवते आणि कुणीतरी स्वीकारलं तरच ते बांधतं.

या संस्थेबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा तिथूनच येतो. कोटाच्या तीन थरांत मधला थर पाणी अडवणारा असतो. अमेरिकन मानकात या थरासाठी अशी चाचणी होती की त्याने 40 तास अतिनील प्रकाश सोसावा. तो थर दोन कापडांच्या मधे असतो, त्याला ऊन लागायचा प्रश्नच कुठे येतो? पण चाचणी होती, आणि ती पार करायला व्यवहारात एकाच घराण्याची रसायनं उपयोगी पडत: टेफ्लॉनची भावंडं, वर्षानुवर्षं विघटित न होणारी, ‘पीफास’ म्हणून ओळखली जाणारी. त्यांतलं एक, पीएफओए, 2023 मध्ये त्याच कर्करोग संस्थेच्या पहिल्या गटात गेलं. म्हणजे जवानाचं रक्षण करण्यासाठी लिहिलेल्या अटीने त्याच्या अंगावर संशयास्पद रसायन चढवलं. 2023 मध्ये अमेरिकेतल्या फायरफायटरांच्या संघटनेने मानक बनवणाऱ्या त्या संस्थेवर खटलाच भरला. मॅसेच्युसेट्स राज्याने 2024 मध्ये कायदा केला: 1 जानेवारी 2027 पासून मुद्दाम पीफास घातलेले असे पोशाख विकता येणार नाहीत.

यावरून सक्तीच नको असा निष्कर्ष काढणारे आहेत. चुकीचा नियम सक्तीचा झाला तर चूक सगळ्यांच्या अंगावर चढते, हे त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. पण चूक दुरुस्त कशी झाली तेही पाहा. कोट घालणाऱ्यांनी आवाज उठवला आणि विधिमंडळाने कायदा केला. ज्या समितीत माल बनवणारे बसतात आणि जिला निवडणूक लढवायची नसते, तिच्या हातात सगळं सोडण्यापेक्षा, ज्याला जाब विचारता येतो अशा सरकारने अट घालावी आणि ठराविक वर्षांनी ती पुन्हा उघडावी. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत फायर ब्रिगेडचा नियम 1980 चा. तो बदलून नवा करायचा मसुदा आला 2024 मध्ये. चव्वेचाळीस वर्षांत घरातलं फर्निचर बदललं, धूर बदलला, नियम तसाच.

दुसरा आक्षेप वजनाचा, आणि तो जवानांकडूनच येतो म्हणून जास्त ऐकण्यासारखा आहे. पूर्ण पोशाख आणि बीए सेट मिळून 20 किलोच्या वर जातं. शिवाय जो कोट बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तो अंगाची उष्णताही बाहेर जाऊ देत नाही. अमेरिकेतल्या जवानांच्या मृत्यूंचा 2007 मध्ये जो अभ्यास छापून आला, त्यात कामावर झालेल्या मृत्यूंपैकी 45 टक्के हृदयविकाराचे होते, आणि प्रत्यक्ष आग विझवण्यात कामाचा जेमतेम 1 ते 5 टक्के वेळ जात असताना या हृदयविकाराच्या मृत्यूंतले 32 टक्के त्या वेळात झाले होते. म्हणून कोटाच्या मानकात उष्णता अडवण्याबरोबरच अंगाची उष्णता बाहेर सोडण्याचीही किमान मर्यादा ठेवलेली असते. दोन्हींची ओढाताण आहे. गुण 35 चे 70 केले तर कागदावर संरक्षण दुप्पट, आणि आतला माणूस उकडून पडणार. तेव्हा ‘जास्त साधनं म्हणजे जास्त सुरक्षा’ असं मी म्हणत नाही. नियमात विश्रांतीची वेळ, पाणी, वर्षाची वैद्यकीय तपासणी हेही त्याच कलमात यावं, कोटाचा भाग म्हणूनच. वेगळ्या परिपत्रकात टाकलं की ते हरवतं.

पैशांबद्दल फार बोलत नाही. लहान पालिकेला दुसरा संच परवडत नाही हे खरं असू शकतं. मग वरच्या सरकारने द्यावा. बंब नवा घेतला की हार घालून फोटो निघतो, धुलाईयंत्र बसवलं की निघत नाही, हे कोणत्याही देशात सारखंच असावं.

आणि शौर्याचा मुद्दा. ‘हे लोक जिवावर उदार असतात’ हे वाक्य मला हल्ली ऐकवत नाही. ते बोलणारा बहुतेक वेळा मालक असतो, आणि ज्याच्याबद्दल बोललं जातं तो त्या वेळी तिथे नसतो.

प्रत्येक कोटाच्या आत, छातीपाशी किंवा कमरेपाशी, एक पट्टी शिवलेली असते. तीवर बनवल्याची तारीख छापलेली असते. बाहेरच्या तपासनिसाने वर्षातून एकदा, न कळवता, एखाद्या फायर स्टेशनात जावं, खुंटीवरचा कुठलाही एक कोट उलटा करावा, तारीख वाचावी, आणि दुसरा संच कुठे आहे ते विचारावं. तारीख 10 वर्षांपलीकडची निघाली तर नोटीस जवानाला जाऊ नये. ज्याची सही वेतनपटावर असते त्याच्या नावाने ती निघावी, कारखानदाराच्या नावाने निघते तशीच, दंडाच्या रकमेसकट.